दुसरी कॉपी

प्रिय संध्या,

पाकिटावर मुद्दामच माझं नाव घातलं नाही. नाव बघून तू ते न फोडता ठेवून दिलं असतंस. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो तर सुरुवात कुठून करावी कळेना. म्हणून ज्या कामानं लिहायचं सुचलं, ते आधी सांगतो.

सुजातच्या बालवाडीच्या गॅदरिंगची डीव्हीडी तुला आठवत असेल. मंठ्याच्या फोटोवाल्यानं दोन काढून दिल्या होत्या. जाताना त्यातली एक तू नेलीस. माझी कपाटात आबांच्या दवाखान्याच्या फायलीखाली पडून होती. आबा मागच्या फाल्गुनात गेले. तुला कुणी कळवलं की नाही, मला माहीत नाही. मी कळवायला हवं होतं. शेतातल्या घरात आता मी एकटाच असतो. आबांना कमी ऐकू यायचं म्हणून मोठ्यानं बोलायची सवय लागली ती तशीच राहिली. दुकानात साधी साखर मागितली तरी लोक वळून बघतात.

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेतलं जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं. त्यात डीव्हीडी चालणारा शेवटचा कॉम्प्युटर होता. तो जायच्या आत आपली डिस्क पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी म्हणून घेऊन गेलो. निम्म्यापर्यंत कॉपी नीट झाली. एकसष्ट टक्क्यांवर थांबली आणि मेसेज आला, डेटा वाचता येत नाही. पुन्हा लावली, पुन्हा एकसष्टलाच. मी डिस्क काढून शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसली. तसं पुसायचं नसतं हे मला नंतर कळलं. मऊ फडक्यानं मधून कडेकडे, सरळ पुसायचं असतं. माझ्या पुसण्यानं ओरखडे वाढलेच असतील.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून जालन्याला गेलो. तिथं धर्मराज नावाचा एकजण कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं डिस्क उजेडात तिरपी धरून पाहिली, धुतली, वाळवली. एका ड्राइव्हमध्ये चालेना तर दुसऱ्यात घातली, कारण एकाला न वाचता आलेलं दुसरा कधी कधी वाचतो म्हणे. मग वेग अगदी कमी करून त्यानं एक प्रोग्राम लावला. खराब जागा आली की तो पुन्हा पुन्हा वाचून बघतो, नाहीच जमलं तर तेवढी सोडून पुढं जातो. चार तास मी स्टुलावर बसून होतो. धर्मराजनं दोनदा चहा मागवला. कुणाची आहे म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हणालो, पोराची. आता केवढा झाला, असं त्यानं विचारलं तेव्हा मी कॉपी किती टक्के झाली ते विचारलं.

शेवटी चार मिनिटं सोडून सगळं निघालं. मॅडमचं भाषण निघालं, शेतकरी नाच निघाला. सुजात स्टेजच्या कडेला उभा आहे, तू खाली बसून त्याच्या डोक्यावरचे सशाचे कान पिनेनं नीट करतेस, तो मान हलवतोय म्हणून तू हळूच एक चापटी देतेस, तेही निघालं. मग चित्र अडकतं. पुढं एकदम टाळ्या, आणि तो तुझ्या मांडीवर, एक कान लोंबकळलेला. मधलं त्याचं गाणं नाही. तो स्टेजवर काय म्हणाला होता ते मला आठवत नाही, संध्या. कितीही आठवलं तरी नुसते पांढरे मोजे दिसतात.

धर्मराज म्हणाला, “सर, हिची दुसरी कॉपी असंल तर बघा. दोन्ही एकाच जागी खराब झाल्या असतील असं न्हाई. तिच्यातली चार मिनिटं हिच्यात बराबर बसवून देतो.” मी म्हणालो, नाही, एकच होती. खोटं बोललो. बसमध्ये बसल्यावर वाटलं, हे मी किती सहज बोललो.

डिस्क पाठव, एवढंच लिहायला कागद घेतला होता. पण काल चांगुणाआक्का माहेरी आली होती. ती आली की तुझा विषय निघतोच. चुलीपुढं बसून आईला पोराचं भान नव्हतं, हे तिचं वाक्य मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. काल ती तेच बोलायला लागली आणि मी तिला थांबवलं. त्या दिवशी मोटार सुरू करायला शेततळ्यावर मी गेल्तो. पाइपात ओतायला बादलीभर पाणी घेतलं, तेवढ्यात शाळेतून फोन आला आणि बोलत बोलत मी तसाच रस्त्याला लागलो. तळ्याच्या तारेचं फाटक मीच उघडं ठेवलं होतं. सुजातला पाण्यातून काढल्यावर सगळ्यांसमोर मी तुला विचारलं, तुझं लक्ष कुठं होतं? तेव्हा मला माहीत होतं. तू वर्षभर त्या घरात मान खाली घालून वावरलीस, तेव्हाही माहीत होतं. आबांना काय वाटेल म्हणून गप्प राहिलो असं मी स्वतःला सांगत आलो; खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आक्का म्हणाली, “हे संध्याला सांगितलंस का?” मी न्हाई म्हणालो. ती म्हणाली, “मंग मला कशाला सांगून राह्यला?” आणि चहा न घेताच निघून गेली. म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहीत नाही, ते मागायला तोंड नाही. तुझ्या भावांना, आईला हे पत्र वाचून दाखव. आक्काला मी सांगितलंच आहे, बाकीच्यांनाही एकेकाच्या घरी जाऊन सांगणार आहे. डिस्क तुझीच आहे, ती पाठवू नकोस. फक्त कधी लावून बघितलीस, आणि ती चार मिनिटं नीट दिसली, तर तो काय म्हणाला तेवढं एका ओळीत कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

सुजातचा पप्पा,
राजानंद