उजवा कौल

बेलवली, बदलापूर पश्चिम
११ फेब्रुवारी २०२५

ती. बकुळाबाय,

पाया पडतो. इकडं सगळे बरे आहेत. उन्हाळा जवळ आला की पंप आणि टाक्या खपतात, तसं दुकान चाललंय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. तूच वाच, शेजारच्या पोरींना वाचायला देऊ नकोस.

तुझ्या तेजलला आठवा लागलाय. दोन इमारती पलीकडं राहते, म्हणून रोज जाऊन येतो. पाणी एक दिवसाआड, तेही वरच्या मजल्यापर्यंत चढत नाही. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केलीय, तरी परवा जिन्यात कळशी घेऊन सापडली. ओरडलो तर म्हणते, "मामा, मग तुम्ही चढा रोज." चढतोय. गुडघे कुरकुरतात.

आता वाडीचं. इकडच्या नळांसाठी बांधायच्या धरणाच्या मोजणीला माणसं येणार म्हणून गावानं देवीला कौल लावला. डावी पाकळी पडली तर मोजणी अडवायची, उजवी पडली तर होऊ द्यायची, असं ठरलं. आण्णा गुरवानं देवीच्या कपाळाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि उजवी पडली. लोक म्हणाले, कैलासनं गुरवाला फितवलं, धरण झालं की याच्या पाइपांना गिऱ्हाईक. तूही चारचौघांत म्हणालीस, "हा भाऊ नाय, ठेकेदार आलाय."

खरं सांगू, मला त्या धरणाचा कंटाळा आलाय. इथल्या बैठकीत साहेब नकाशावर निळा रंग दाखवतात, बिल्डर माना डोलावतात, आणि त्या निळ्याखाली आपलं अंगण कुठं येतं ते मी एकटाच शोधत बसतो. इथं पाणी पाहिजे म्हणतो, तिथं आलो की घर पाहिजे म्हणतो. दोन्हीकडं तोंड माझंच.

पण तुझा शंकर सांगत होता, आई अर्ध्या जेवणातून उठते, देवळाकडं फिरकत नाही. आणि तेजलच्या बाळंतपणाला इथं यायचं ठरलं होतं, तर तेही नको म्हणतेस. "माझी सावली नको तिच्यावर," असं काहीतरी.

बाय, माझे कान तुला माहीत आहेत. दुकान नव्हतं तेव्हा जमिनीला कान लावून पाइपाची गळती शोधायचो, त्यावरच पोट भरलं. कौलाच्या दिवशी नारळ घेऊन मी तुझ्या मागंच उभा होतो. सगळे मोठ्यानं "घरं राख" म्हणत होते. तू हळूच म्हणालीस, "आई, माझ्या तेजलला पाणी दे."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. गुरवाला फितवल्याचा आळ माझ्यावरच राहू दे, धंदेवाल्या माणसाला असले आळ नवीन नाहीत.

आणि एका आईच्या मागण्यानं गाव बुडत नसतं. नकाशा कौलाच्या आधीच काढून झाला होता, मी पाहिला होता. त्या धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत तेजलचं पोर स्वतः कळशी उचलण्याएवढं होईल. तिला आत्ता कुणी हवं असेल तर ती तू.

रविवारी गाडी घेऊन येतो. गावासमोर मला काय बोलायचं ते बोल, आणि बोलत बोलतच गाडीत बस.

तुझ्या पाठचा,
कैलास