ते मी लिहिलं नव्हतं

स्फाक्स, मंगळवार

हेदी, माझ्या धाकट्या भावा,

परवा कुणीतरी माझं ईमेल खातं फोडलं आणि माझ्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात पाठवली. शाळेत गेल्या गेल्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काय गं वसीला, मी तुला इतकी जाड दिसते?" मी पासवर्ड बदलला आणि एकेकाची माफी मागत बसले. तेवढ्यात मार्सेहून तुझं उत्तर आलं, सहा वर्षांनी. "ताई, बरी आहेस ना?"

ते मी लिहिलं नव्हतं, हे तुला कळवायला मन धजेना. घरभर फेऱ्या मारल्या, चहा दोनदा उतू गेला, शेवटी तुला फोन लावला. तू हसलास. "गोळ्यांचं कळलं गं मला. पण तुझं नाव दिसलं आणि राहवेना." मग हळूच म्हणालास, "आई गेल्याचं उशिरा कळवलंस म्हणून मी उगाच राग धरला. माझा फोनच लागत नव्हता, तर तू तरी काय करणार?"

मी "हो" म्हटलं.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. हेदी, मी फोन लावलाच नव्हता. आईला सोडून गेलास याचा राग होता. दफन उरकल्यावरच पहिल्यांदा तुझा नंबर फिरवला.

ईदला येतो म्हणालास. हे आता पाठवलं तर तू येणार नाहीस, म्हणून पाठवत नाही. तू आलास की दारातच सांगेन. मग आत यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
वसीला