कोठीची किल्ली आणि चौथा हेन्री

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आमच्या मेसचा सेक्रेटरी जनार्दन २१ तारखेला गावाहून इकडे आखातात परत येतोय. कॅम्पच्या बसचा ड्रायव्हर अरमान त्याला आणायला एअरपोर्टवर जाणार आहे, म्हणजे खबर पक्की. हातात चौदा दिवस.
जाताना जनार्दनने मेसच्या कोठीची किल्ली माझ्याकडे दिली. महिनाभर सांभाळ, म्हणाला. मी तिसऱ्याच दिवशी मीटिंग घेऊन कायमचा मेस सेक्रेटरी झालो. अठरा हात वर. त्यातले अकरा तय्यबच्या गटाचे, तो धरून. बदल्यात त्याला शब्द दिलाय : आठवड्यातून तीनदा मासळी.
यात गैर काही नाही. यशश्रीला बी.ए.ला इंग्लंडचा चौथा हेन्री आहे. राजा रिचर्ड आयर्लंडला गेला, मागे याने गादी घेतली. फोनवर तिला म्हटलं, हुशार माणूस. ती म्हणाली, पप्पा, पुढचं तरी ऐका. मला ड्यूटी होती.

९ फेब्रुवारी, पहाट
आजपासून शिस्त. माणशी चार चपात्या. आचारी जहूर म्हणाला, पेट का भी टेंडर निकालोगे क्या? दुर्लक्ष केलं.

१२ फेब्रुवारी
सूर बंदराहून येणारी मासळीची गाडी दोनदा चुकली. तय्यबने विचारलं, काय सेक्रेटरीसाहेब, तीनदा म्हणजे आठवड्याला की वर्षाला? विचारताना हसला नाही.
यशश्रीच्या नोट्स आल्या. ज्या पर्सी घराण्याने हेन्रीला गादीवर बसवलं, तेच त्याच्यावर उलटले. मी घाईघाईने फोन करून विचारलं, मग? मग हेन्री लढाई जिंकला, म्हणाली. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बंड. तय्यब आणि दहा जण ताटं घेऊन शेजारच्या हैदराबादी मेसमध्ये जेवायला गेले. नोट्समध्येही हेच : वेल्सच्या बंडखोरांना फ्रान्सची मदत.
ताबडतोब परराष्ट्र धोरण आखलं. तिथल्या हुसैनमियाँना पाच लिटर सोलकढी पाठवली. उलट निरोप आला, दवा अच्छी है भाई, दिन में कितनी बार लेनी है?
संबंध सुधारले म्हणायचे.

१७ फेब्रुवारी
जहूरही तिकडे गेला. तात्पुरतं असावं. स्वयंपाक मीच करतो, भांडीही. पावडरने हात सोलले. यशश्री म्हणाली, हेन्रीलाही पुढे कातडीचा आजार झाला होता. योगायोग.
सात जण अजून निष्ठावान आहेत. धनेश म्हणाला, निष्ठा कसली काका, आम्हाला बिर्याणीने ॲसिडिटी होते.

२० फेब्रुवारी
उद्या. तय्यबही अरमानबरोबर एअरपोर्टवर जाणार आहे. कट उघड आहे. पुन्हा हात वर करायला लावले तर माझी सातच मतं.
सेक्रेटरी झालो म्हणून गावी बायकोला सांगून बसलोय, मेव्हण्यालाही. वीस वर्षं पॅकिंगमध्ये हेल्पर. या महिन्यात पहिल्यांदा कुणी मला विचारलं, घेऊ का? विषय कांद्याचा होता, पण विचारलं.
किल्ली गळ्यात बांधली. सोडणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
जनार्दन आला. मी कोठीच्या दारात, किल्ली मुठीत. भाषण तोंडपाठ.
त्याने मिठीच मारली. सुटलो रे बाबा, म्हणाला. सहा वर्षं गळा शोधत होतो हिच्यासाठी. मी म्हटलं, तू तर महिन्यापुरती दिली होतीस. तो म्हणाला, कायमची देतो म्हटलं असतं तर घेतली असतीस?
तरीही मी मतदान मागितलं. नियम म्हणजे नियम. सगळे हात वर. जनार्दनचे दोन्ही. तय्यब म्हणाला, कायमचा म्हणजे कायमचा हां, आणि मासळीचं विसरू नको.
यशश्रीला विचारलं, हेन्रीची गादी शेवटी टिकली का? हो पप्पा, म्हणाली, मरेपर्यंत.
हुसैनमियाँनी बाहेरच्यांना जेवण बंद केलंय. जहूरला मात्र ठेवून घेतलंय. उद्या पहाटे सगळे परत आपल्या मेसला. वीस माणसं, ऐंशी चपात्या. कणीक आत्ताच भिजवून ठेवावी लागेल.