फसलेल्यासाठी टाळ्या

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस. दारात आले तर डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडतेस. म्हटलं, पत्राला तरी असं टाळता येणार नाही! आयुष्यभर माझ्यावर डाफरणारी माझी बहीण अशी घुम्यासारखी बसली की मला मुळीच करमत नाही गं. तेव्हा मुकाट्याने वाच.

माझं झकास चाललंय. यंदा तिसरीचा वर्ग आहे आणि मोठ्या बाईंनी मुलांना मोबाइलवरची फसवाफसवी ओळखायला शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात मारलंय. नुसतं सांगून ही पोरं ऐकतात होय! म्हणून मीच ठग झाले. कपाटामागे उभी राहते, नाक दाबून बोलते. कधी खेळण्यांच्या दुकानातला काका होते, कधी बँकेतला साहेब. समोरचा घाई करायला लागला, कुणाला सांगू नकोस म्हणाला, फुकटात काही द्यायला लागला की मुलांनी फोन ठेवायचा आणि घरातल्या मोठ्यांना गाठायचं. इतकी तयार झालीत कार्टी, की परवा मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, चला चला, लवकर रांग करा, चित्रकलेची बक्षिसं द्यायचीत, तर एकही जण जागचा हलला नाही! बक्षीस आणि वर घाई म्हणजे नक्की लबाडी, असं एकीने तोंडावर सांगितलं. बाई पदकं हातात घेऊन तशाच उभ्या. मी हसू दाबता दाबता बेजार झाले.

पण गेल्या आठवड्यात एक गंमत अंगाशी आली. वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला वकीलबाई म्हणतात, कारण प्रत्येक गोष्टीत तिचा वाद ठरलेला. तिला काही केल्या फसवता येईना, म्हणून मी कपाटामागून रडवेला आवाज काढला. तुझ्या मैत्रिणीला लागलंय, दवाखान्यात न्यायचंय, तुमच्या फोनवर आलेला आकडा पटकन सांग, असं म्हणाले. खेळासाठी प्रत्येकाला आकडा लिहिलेली चिठ्ठी दिली होती, तिने आपल्या चिठ्ठीवरचा आकडा क्षणात सांगून टाकला. वर्ग खो खो हसला. पोरीने बाकावर डोकं टेकलं ते टेकलंच. डबा उघडला नाही, पोट दुखतंय म्हणाली. तेव्हा कुठे माझी चूक माझ्या लक्षात आली. ठग ओळखायचा कसा ते मी घोकून घेतलं होतं, पण फसल्यावर काय करायचं हे शिकवलंच नव्हतं. आणि ती काही हावरटपणाने फसली नव्हती, मायेपोटी फसली होती.

दुसऱ्या दिवशी मी नवा नियम केला. जो फसेल त्याने पुढे येऊन ठगाने काय युक्ती केली ते सांगायचं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, कारण त्याच्यामुळे बाकीचे वाचले. आपण लाजून गप्प बसलो की ठगाचं फावतं, हे मुलांना लगेच कळलं. वकीलबाईने तर माझ्या रडक्या आवाजाची अशी हुबेहूब नक्कल केली की मलाच लाज वाटली. आता सांगायला चढाओढ लागते. एका पठ्ठ्याने नुसत्या टाळ्यांसाठी फसल्याची थाप मारली!

ताई, त्या बाकावर टेकलेल्या डोक्यात आता मला तू दिसतेस. लेक परगावी अपघातात सापडलाय असं सांगून कुणीतरी तुझ्याकडून पैसे उकळले, हे मला ठाऊक आहे. मला भाऊजींनी सांगितलं. हो, त्यांना बँकेतून केव्हाच कळलंय. काल शाळेच्या फाटकाशी आले होते. एवढा मोठा माणूस, डोळ्यांत पाणी. पैशांचं त्यांना काही नाही गं. तू बोलत नाहीस, जेवत नाहीस, याने ते हवालदिल झालेत. आपण होऊन विषय काढला तर तुला चोरी पकडल्यासारखं वाटेल, म्हणून बिचारे गप्प आहेत. तुला वाटतं, कळलं तर ते घर डोक्यावर घेतील. अगं वेडे, रोज संध्याकाळी चहाचा कप निवेपर्यंत ते तुझ्यासमोर बसून राहतात, ते तू सांगशील म्हणून. आज सांगून टाक.

तुझीच,
शेंबडी