माझ्याच मंजुरीसाठी

३ मार्च
आईने आज विचारलं, एवढी डॉक्टर झालीस, मग तुझे पेशंट कुठे आहेत? अख्खं शहर, असं म्हणणार होते. पण ती लगेच म्हणाली असती, हे शहराला माहीत आहे का?

आजपासून मोठे साहेब दोन महिन्यांच्या रजेवर. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याचा कार्यभार माझ्याकडे. साथरोग अधिकारी मी होतेच. पाणी तपासणी अधिकाऱ्याची जागा वर्षभर रिकामी, म्हणून तीही माझ्याकडेच. तीन पदं, एक पगार. निष्ठेची दखल घेतली गेली, हे उघड आहे. हेडक्लार्क भाऊसाहेबांचं म्हणणं, बाकीचे दोघे डॉक्टर काल अचानक आजारी पडले म्हणून. योगायोग असेल.

घरात पहिली पदवी माझी, आणि आता पहिली खुर्चीही. बाबांनी गल्लीत सांगितलं, पोरीच्या हाताखाली शंभर माणसं आहेत. हाताखाली भाऊसाहेब आहेत. किंवा त्यांच्या हाताखाली मी.

संकल्प: माझ्या टेबलावर कुठलीही फाईल एका दिवसापेक्षा जास्त राहणार नाही.

५ मार्च
पूर्वेच्या टाकीचं पाणी पिणाऱ्या वस्तीत काविळीचे अकरा रुग्ण. टाकीचा तपासणी अहवाल आला: सांडपाणी मिसळतंय. साथरोग अधिकारी म्हणून तासाभरात प्रस्ताव लिहिला. टाकी बंद, टँकर सुरू, रिक्षावर भोंगा लावून ‘पाणी उकळून प्या’ची घोषणा. दोन पानं, एकही फालतू शब्द नाही. आरोग्य अधिकाऱ्यांकडे मंजुरीसाठी पाठवला.

६ मार्च
प्रस्ताव मिळाला. छान लिहिलाय.

सही करणार इतक्यात भाऊसाहेब खाकरले. म्हणाले, मॅडम, स्वतःच मागायचं आणि स्वतःच द्यायचं? उद्या कोणी विचारलं तर संगनमत म्हणतील. कोणाचं कोणाशी, हे विचारायचं राहून गेलं. पण मुद्दा पटला. ओळखीच्या माणसाचं काम म्हणून डोळे झाकून सही ठोकणाऱ्यांतली मी नाही. शेरा मारला: किती कुटुंबांना टँकर लागतील याचा तपशील नाही, खुलासा करावा.

फाईल दुपारी माझ्याकडे परत आली. शेरा जरा कडकच वाटला. दोन मिनिटं रागही आला.

९ मार्च, रविवार
आमचं घर त्याच टाकीवर. ऑफिसही. वहिनीला सातवा महिना. दूषित पाण्याची ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मिळवलेत. सकाळी शब्द अगदी ओठांवर आले. पण घरच्यांना आधी सांगायचं आणि वस्तीला नंतर? पदाचा गैरवापर सुरू होतो तो इथूनच. गप्प बसले. पाण्याचा ग्लास बराच वेळ खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि पिऊन टाकला. जे वस्तीचं ते माझं. कोणाला काही कळलं नाही. स्वतःचा अभिमान वाटला.

जबाबदारीने भूक मेलीय. फोडणीचा वास आला की पोटात ढवळतं. वहिनी म्हणाली, वन्सं, दिवस मला गेलेत की तुम्हाला?

१२ मार्च
खुलासा सादर केला. आरोग्य अधिकारी या नात्याने समाधान झालं. सहीसाठी पेन उघडलं. भाऊसाहेब म्हणाले, पाणी तपासणी अधिकाऱ्यांचा अभिप्राय जोडलेला नाही. मोठ्या साहेबांनी अशी फाईल हातात धरली नसती.

त्यांचं खरं आहे. तपासणी विभाग दोन मजले वर. तिथल्या खुर्चीवरची धूळ झटकून बसले, फाईल नव्याने वाचली, ‘सहमत’ असं लिहिलं. खाली येताना बरोबर आणत होते, तर तिथला शिपाई दुखावला. मॅडम, मग आम्ही कशाला आहोत? फाईल आवक-जावकमधूनच येईल.

दुपारी प्रशिक्षण वर्गात ‘साथ आणि तातडीचा प्रतिसाद’ यावर बोलले. उभं राहवेना म्हणून बसून बोलले. टाळ्या अपेक्षेपेक्षा लवकर वाजल्या. दोन जिने चढले तर पाय शिशाचे झालेत. बैठं काम, दुसरं काय.

संकल्प: उद्यापासून सकाळी चालायला जाणे.

१३ मार्च
गेले नाही. उठवेना.

१५ मार्च, शनिवार
फाईल अजून आवक-जावकमध्ये. आता सोमवारी. रुग्ण चौतीस.

दुपारी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. आपल्या वस्तीतली एक गरोदर बाई काल दाखल झालीय, कावीळ, शुद्ध हरपत चाललीय. विचारलं, टाकीचं पाणी अजून चालूच आहे का? म्हटलं, प्रस्ताव अंतिम टप्प्यात आहे. कोणाकडे अडलाय? म्हटलं, वरिष्ठांकडे. त्या भडकल्या. म्हणाल्या, कोण आहे तो दगड? नंबर द्या, मी बोलते त्याच्याशी.

मी म्हटलं, त्याच्याशीच बोलताय.

त्यांनी फोन ठेवला नाही. मागे वॉर्डात कोणाच्या तरी चपला फरफटत होत्या, तेवढं ऐकू येत राहिलं.

तशीच घरी आले आणि दारातूनच ओरडले, वहिनी, पाणी उकळून पी. ती शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, आठवडा झाला की उकळतोय. तुम्ही रविवारी ग्लास उजेडात धरून बसलात, तोंड असं केलंत जसं काही विषच आहे. आईंनी तेव्हाच पातेलं चढवलं. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, तुला काय सांगायचं, तूच तर डॉक्टर.

मी मात्र महिनोन्‌महिने ऑफिसातल्या नळाचं पाणी पितेय.

दादा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, साहेबीणबाई, जरा आरशात बघून या.

डोळे पिवळे. भूक, फोडणीचा वास, जिने, सगळं एका क्षणात जुळलं. पहिल्या वर्षाच्या पोरानेही ओळखलं असतं.

चपला घातल्या आणि परत बाहेर पडले.

१७ मार्च
अंथरुणात. रक्ताचा अहवाल सांगायला नकोच. वहिनीचा स्वच्छ आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर घरात कोणीच नीट जेवणार नाही. दवाखान्यातली ती बाई अजून शुद्धीवर नाही.

ही कावीळ पाण्यातून अंगात शिरते आणि महिनाभराने डोळ्यांत दिसते. म्हणजे माझी फाईलच्या आधीची. तिचीही आधीचीच. हे वाक्य आज तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. कारण गेल्या दहा दिवसांत आमच्या गल्लीपलीकडे ज्यांनी ते पाणी प्यायलं, ते पुढच्या महिन्यात पिवळे होतील. ते कोणाच्या आधीचे नाहीत. ते माझ्या शेऱ्यांचे.

सकाळी भाऊसाहेबांचा फोन. आवाजात काळजी होती, खोटं का बोला. म्हणाले, मॅडम, अभिप्राय खाली आला. आता सगळं नियमात बसतंय. सहीसाठी फाईल घरी पाठवू, की साहेब येईपर्यंत थांबायचं?

म्हटलं, पाठवू नका. टाकी परवा संध्याकाळीच बंद केलीय, रिक्षाही फिरतेय. टाकीवरच्या चावीवाल्याने लेखी आदेश मागितला होता. माझ्याकडे नव्हता. म्हणून त्याच्या हातातली चावी घेऊन मीच व्हॉल्व्ह फिरवायला लागले. अर्धा फेरा झाला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. उरलेले फेरे त्याने फिरवले.