पानात बांधलेली भाकर

प्रिय दिवलीताई,

हे पत्र तुमच्या गावच्या सुनिताच्या हातून पाठवते आहे. तिचं अंगणवाडीचं प्रशिक्षण इथे नंदुरबारला होतं, आणि पाकीट फक्त तुझ्याच हातात देईन असा तिनं शब्द दिला आहे. फोनच केला असता, पण तू फोन उचलतेस तो स्पीकर लावून, आणि मग 'जेवलीस का' पासून सगळं अंगणभर ऐकू जातं. मागच्या वेळी मी हळू आवाजात काही सांगायला गेले, तर मागून दाजीच म्हणाले, "मोठ्यानं बोल, इकडे नीट ऐकू येत नाही." मला हसू आलं आणि बोलायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं म्हणून मला बरंच वाटलं. जे सांगायचं आहे ते तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, अजूनही नाही. पण तुमच्याकडे हळवं भात आता पिवळं पडलं असेल, आणि नवाईच्या पूजेच्या आधी तुला हे कळायला हवं. का, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू "वेडी आहेस" म्हणून कागद घडी घालून ठेवशील.

तुझ्या सासूची, फुलीमावशींची तब्येत आता बरी आहे, हे दाजींनी सांगितलंच असेल. खुब्याचं हाड बसलं आहे, काठी घेऊन दोन पावलं टाकतात आणि तिसऱ्या पावलाला मला शिव्या देतात. तू भात आणि लहानग्या ममताला सोडून येऊ शकत नव्हतीस, म्हणून दवाखान्यात मी थांबले. त्याबद्दल तू फोनवर चार वेळा "तुझे उपकार झाले" म्हणालीस. ताई, तो शब्द मागे घे. पत्र वाचून झालं की तूच घेशील.

मावशी काही सोप्या रोगी नाहीत. नर्सनं पाणी दिलं तर म्हणतात गरम आहे, मी दिलं तर म्हणतात गार आहे. शेजारच्या खाटेवर रनाळ्याच्या एक बाई होत्या, अहिराणी बोलणाऱ्या, त्या कंटाळून मला म्हणाल्या, "पोरी, तू शिकेल शे ना, मंग या म्हातारीले जरा गप कर." मावशींना अहिराणी बरोबर कळते. त्या आपल्या बोलीत म्हणाल्या, "शिकलेली आहे म्हणूनच तिला काही येत नाही." सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या थट्टा करत नाहीत.

तुला आठवतं का, आपण लहान असताना मी वेलावरची काकडी तोडून खाल्ली होती? नवाई व्हायची होती. नवं पीक देवापुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घालायचं नाही, हे मला कळण्याइतकी मी मोठी होते, पण काकडी फारच जवळ लोंबत होती. तू माझं तोंड तुझ्या फ्रॉकनं पुसलंस आणि आईला सांगितलंस, मी खाल्ली. आई रागापेक्षा भीतीनं रडली होती. तुला दिवसभर जेवायला दिलं नाही. मी मात्र जेवले, तुझ्या समोर बसून. आई-बाबा ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे तेव्हाही मला तूच भाकर करून घालायचीस. सातवीनंतर तू शाळा सोडलीस आणि मी पुढे शिकत गेले, बी.ए. झाले. गावात लोक म्हणतात, त्या घरातली पहिली पदवी. कोणाच्या हातच्या भाकरीवर मिळाली, ते कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही.

मग कॉलेजात मला येशू भेटला. याबद्दल मला लाज नाही, ताई, आणि तुला ते माहीत आहे. मी होस्टेलमध्ये एकटी होते, भेदरलेली होते, आणि चर्चच्या मंडळीतल्या जसोदाबाईंनी मला पहिल्यांदा शेजारी बसवून घेतलं. त्यांच्या घरी मी प्रार्थना करायला शिकले. मला वाटलं, माझ्या आत कोणीतरी दिवा लावला. पण दिवा लागला की माणूस आधी आपल्या खोलीत काय पडलं आहे ते बघतो. मी तो उचलून दुसऱ्यांच्या घरात बघायला निघाले.

बाप्तिस्मा झाल्यावर मी तुला फोनवर सांगितलं की देवापुढे ठेवलेलं अन्न मी यापुढे खाणार नाही. मला वाटलं होतं तू भांडशील. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. तू म्हणालीस, "बरं. पण येशील ना?" मी आले. आई गेल्यापासून तुझं घर हेच माझं माहेर, मी दुसरीकडे कुठे जाणार होते? आत पूजेची तयारी चालली होती. तू मला परसात बोलावलंस, आणि सागाच्या पानात बांधलेली भाकर, उडदाची डाळ, काकडीच्या दोन फोडी माझ्या हातात दिल्यास. वरून अंबाडीच्या वाखाची गाठ. इकडेतिकडे बघत म्हणालीस, "हे देवापुढचं नाही. वेगळं काढलंय. तुझी चारची गाडी चुकेल, वाटेत खा."

वेगळं काढलंय. या शब्दाचा मी काय अर्थ लावला, ते सांगते. मला वाटलं, नव्या तांदळाला पूजेआधी हात लावता येत नाही, म्हणजे ही भाकर जुन्या तांदळाची, कणगीच्या तळाची. घरच्यांना नवं आणि मला जुनं. मला वाटलं, तू मला घरातून वेगळं काढलंस. आणि परसात का? लोकांना दिसू नये म्हणून, माझी लाज वाटते म्हणून. पहिल्या वर्षी मी ती मुकाट्यानं गाडीत खाल्ली. गेल्या वर्षी नाही खाल्ली. गेल्या वर्षी विसरवाडीला गाडी बदलायला उतरले, तिथे उसाच्या रसाच्या गाड्याजवळ एक गाय उभी होती. मी पान न सोडताच तिच्यापुढे टाकलं. गाठसुद्धा मी सोडली नाही, ताई. गायीनं पानासकट खाल्लं. मला तेव्हा फार हलकं वाटलं. वाटलं, हा विश्वास आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. डिसेंबरात तरुणांच्या शिबिरात मी त्यावर साक्ष दिली. माईकवर. नातलगांच्या प्रेमापुढेही मी झुकले नाही, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण 'माझी अंधारात असलेली बहीण' असं म्हणाले. टाळ्या वाजल्या, "हालेलुया" झालं. फक्त जसोदाबाई खाली उतरल्यावर म्हणाल्या, "पोरी, भाकर कोणी भाजली होती?" मी म्हटलं, बहिणीनं. त्या म्हणाल्या, "मग साक्षीत ती उपाशीच राहिली की." मला राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

आता दवाखान्यातली गोष्ट. मावशींच्या उशाशी बसून मी रोज प्रार्थना करायची, मनातल्या मनात, पण डोळे मिटलेले त्यांना दिसायचे. एक दिवस म्हणाल्या, "माझ्यासाठी मागतेस का?" मी म्हटलं, हो, आणि ताईसाठीही. "तिच्यासाठी काय मागतेस?" मी खरं सांगितलं, तिचं मन बदलावं. मग मावशी जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते. "तिचं मन कशाला बदलायला पाहिजे ग? तू आमच्या देवाला भीत नाहीस, तर तुझं बरं आहे. ती भीते. भीत भीत तुझं पान बांधते. नव्या तांदळाचं, पूजेच्या आधी. मी पाहिलंय तिला चुलीपाशी."

मी म्हटलं, नव्या तांदळाचं नाही, जुन्याचं. मावशी हसल्या, कडूपणे. "जुन्याचं? म्हणते, रिनाला शिळं कसं देऊ, ती नवाईला येते ना. देवापुढचं ती खाणार नाही, मग मागे राहिलं काय? पूजेच्या आधीचं."

आणि मग ममताच्या तापाचं सांगितलं. गेल्या वर्षी नवाईनंतर ममता तापानं फणफणली होती, तेव्हा मला फक्त 'ताप आहे' एवढंच कळलं होतं, आणि मी 'प्रार्थना करते' असा मेसेज पाठवला होता. त्या दिवसांत तू सासूच्या पायाशी बसून रडलीस, म्हणालीस, माझ्यामुळे झालं, मी देवाच्या आधी हात लावला. मावशींनी दाजींना काही कळू दिलं नाही. स्वतःच्या कोंबड्यांतली एक घेऊन त्या एकट्या देवाकडे गेल्या, तुझ्या वतीनं. ममता बरी झाली. मावशी तुला म्हणाल्या, आता परत करू नकोस. आणि तू त्यांना काय म्हणालीस? "रिना उपाशी जाईल."

ताई, ममताचा ताप भाकरीमुळे आला असं मी मानत नाही. तुझ्यावर कोणी रागावलेलं होतं असंही मानत नाही. पण तू मानत होतीस, मनापासून मानत होतीस, आणि तरीही यंदा परत बांधणार होतीस. स्वतःच्या लेकरावर काय येईल हे भय पोटात घेऊन. आणि मी ते गायीला घातलं, आणि त्यावर टाळ्या घेतल्या.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट ओळीतून पुढे सरकत माझ्याकडे आलं. आमच्यात असं शिकवतात की कोणाशी मनात अढी असेल तर आधी जाऊन ते मिटवावं, मग यावं. मी हे किती तरी जणांना समजावून सांगितलं आहे, छान उदाहरणं देऊन. ताट हातात आलं आणि मला सागाचं पान दिसलं, न सोडलेली गाठ दिसली. मी ताट तसंच पुढे दिलं. पाळकांनी पाहिलं. बाहेर जसोदाबाई भेटल्या, मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, मी तेव्हाच म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "चल, आधी चहा पी." मग चहा पिताना म्हणाल्या, "येशूनं तुला माफ केलं असेल ग. तो लांबून करतो. बहिणीकडे मात्र गाडीनं जावं लागतं."

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली आहे. इतकी वर्षं मी 'तिचं मन बदल' म्हणत होते, आता 'माझं बदल' म्हणते. लगेच बदलत नाही. परवाच मी शिकवते त्या वर्गातल्या एका पोरीच्या गळ्यातला ताईत बघून माझं तोंड वाकडं झालं, आणि मग माझं मलाच कळलं आणि मी खाली बघितलं. आधी हे कळतही नव्हतं. तू ख्रिस्ती नसूनही ख्रिस्ती आहेस वगैरे म्हणणार नाही, घाबरू नकोस, तुला ते आवडणार नाही आणि ते म्हणण्यातही माझाच शहाणपणा असेल. एवढंच म्हणते की ज्याच्या प्रेमाबद्दल मी माईकवर बोलत होते, तसं काहीतरी माझ्या हातात पानात बांधून ठेवलेलं होतं, आणि मला ते ओळखता आलं नाही. शिबिराच्या त्याच मंडळींपुढे मी उभी राहून ही खरी गोष्ट सांगणार आहे. तुझं नाव घेऊन, तू हो म्हणालीस तर.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ताई, यंदा माझं पान बांधू नकोस. नव्या तांदळाला आधी हात लावू नकोस, माझ्यासाठी तर नाहीच. मी नवाईला येते आहे, आणि या वेळी चारची गाडी धरणार नाही, मुक्कामाला येते आहे. देवापुढचं मी खाणार नाही, ते माझं अजून तसंच आहे, तुझ्यापासून लपवत नाही. पण तुमची पूजा होईपर्यंत मी अंगणात ममताला घेऊन बसेन, उपाशी बसेन, काकडीच्या त्या दिवशी तू बसली होतीस तशी. पूजा झाली, सगळे जेवले, की मग नवा तांदूळ सगळ्यांनाच मोकळा असतो, नाही का? तेव्हा नव्या तांदळाचं मूठभर पीठ मला दे. भाकर मी थापते, तू शेकवायला बस. तुझ्या नियमालाही धक्का नाही आणि माझ्याही. इतकं सोपं होतं, ताई. मला फक्त संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, आणि दोन वर्षं मी गाडीची वेळ बघत होते. भाकर फुगली नाही तर हसू नकोस. मावशी हसतीलच. आणि त्यानंतरही तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर नको बोलूस, पण माझ्या शेजारी बसून जेव.

तुझीच,
रिना