मनगट धरून मागितलेलं पाणी

शुक्रवार, दिवाळी सरली. सावेडी.

आज थेरपी केंद्रात कोमलने आईचं, सुनीताचं, मनगट धरून तिला फळीवरच्या तांब्यापर्यंत नेलं आणि क्षणभर वर, आईच्या तोंडाकडे पाहिलं. चार वर्षांची ही स्वमग्न पोर, तहान लागली की नुसती रडायची. तिने मागावं म्हणून पाणी दिसेल पण हाताला येणार नाही असं ठेवायला सुनीताला मीच शिकवलं होतं. मी इतकी हरखले की सुनीताचा चेहरा उतरलाय, हे ध्यानातच आलं नाही.

"मॅडम, परवा आमची टोळी निघती ऊसतोडीला," ती म्हणाली. "फडात माझ्या हातात कोयता आसतो. ही लांब खोपटात, कोपीत, एकलीच बसनार. कुनाचं मनगट धरंल?"

हे मला आधी का सुचलं नाही? लांबून हाक मारायला कोमलकडे अजून एकही शब्द नाही. पोरीला गावी, पाथर्डीतच ठेवा म्हणावं, तर कोणाकडे? सासूही टोळीत.

"पाणी तिच्या हाताशीच ठेवा," शेवटी मी म्हणाले. "मागायची वाट बघू नका."

सुनीता हसली. "बरं झालं, बाई. मला वाटलं, शिकवलेलं सोडलं म्हनून तुमी रागवताल." पोरीला कडेवर घेऊन ती एसटी गाठायला निघाली.

आता कोमल तहानेनं रडणार नाही. कोणाचं मनगटही धरणार नाही, वरही पाहणार नाही. दुसरं काय सांगणार होते मी? आणि सुनीता जिना उतरताना दोनदा म्हणाली, लई उपकार झाले.